दुहेरी नोंद

पहिल्या तारखेच्या रात्री बारापासून
जुने कोड बंद.
तोवर रोज चाळीस फायली, दोन्ही रकान्यांत,
डावीकडे जुना, उजवीकडे नवा.
हात बसला पाहिजे, घोडमारे मॅडम म्हणतात.
त्या तीन दिवस शिकून आल्या
आणि चौथ्या दिवसापासून आम्हाला शिकवून राहिल्या.

रेकॉर्ड सेक्शन तळमजल्यावर, शवागाराच्या अलीकडे.
मे महिना. कुलरच्या वाळ्याचा ओला वास
बांधलेल्या गठ्ठ्यांवर बसतो.
कीबोर्डपुढे रुमाल, रुमालावर मनगट.
एकवीस वर्षं हेच काम.
घरी बायको म्हणाली डोकं दुखतं,
तर मला आधी आर एक्कावन्न आठवतो
आणि मग बाम.

नव्यात डोकेदुखीचा पत्ता बदलला आहे.
पत्ते सगळ्यांचेच बदलले.
आता म्हणे कोडला कोड जोडता येतो,
मालगाडीच्या डब्यांसारखा,
काय झालं, कुठल्या बाजूला, कशानं.
अजनीच्या यार्डाशेजारी लहानाचा मोठा झालो,
एवढं मला लवकर समजलं.

डी सत्तावन्न पॉइंट शून्य मात्र
बोटांतून निघता निघत नाही.
देवलापारच्या प्रमिला उईकेची फाईल,
सिकलसेल, सव्वीस वेळा भरती.
दोरी तीनदा बदलली.
पहिल्या पानावर वय चार, शेवटच्या पानावर अठरा.
मी तिला पाहिलेलं नाही.
सव्वीसपैकी एकोणीस वेळा ती थंडीत आली,
हे मला कोणी विचारलं नव्हतं, मीच मोजलं.
उजवीकडे टाकलं, तीन ए एक्कावन्न पॉइंट दोन.
तिच्यासाठी नवीन दोरी मागवली.

त्यानंतरची फाईल दोनच पानांची.
पारा सत्तेचाळीसवर गेला होता, त्या वर्षीची.
अनोळखी पुरुष, अंदाजे पन्नास.
कॉटन मार्केटजवळ, हातगाडीखालच्या सावलीत.
आणला तेव्हा मृत.
कारणाच्या जागी डॉक्टरांनी रेघ मारलेली.
खाली माझं अक्षर, आर नव्याण्णव.
कारण अज्ञात.

आणि समासात, पेन्सिलीनं, कोण्या सिस्टरचं,
अंग कोरडं, तव्यासारखं.

हे मी तेव्हाही वाचलं होतं.
त्या आठवड्यात असे अकरा आले.
उष्माघाताच्या कोडला सही लागत होती,
अज्ञाताला लागत नव्हती.
मी अकरा वेळा आर नव्याण्णव टाकलं
आणि साडेपाचला सायकल काढली.
पुढच्या सोमवारी पेपरात आलं,
शहरात उष्माघाताचा एकही बळी नाही.
बातमी खोटी नव्हती.
ती माझ्याच रकान्याची बेरीज होती.

मॅडम म्हणतात, जुन्याचा नवा करा,
नवं निदान करू नका.
बरोबर आहे, नियम तोच आहे.
अज्ञातालाही नवा कोड दिला आहे,
नवे कपडे घालून तो उजवीकडे जाऊन बसेल
आणि माझे चाळीस पूर्ण होतील.

मी गुलाबी शंकाचिठ्ठी घेतली.
लिहिलं, समास पाहावा.
कोणाकडे पाठवायची, तो रकाना तसाच राहिला.
डॉक्टर निवृत्त झाले, सिस्टरचं नाव नाही,
आणि ज्याला विचारावं त्याला
आम्ही नाव विचारेपर्यंत उशीर झाला होता.

झनकलाल बादली घेऊन आला, कुलर भरायला.
कंबर धरून उभा राहिला.
"भाऊ, आमच्या गुडघ्याचा बी नंबर बदलला काय?"
"बदलला."
"मंग दवा?"
"दवा तोच."
"मंग काऊन एवढा घोर लावून बसले बाप्पा?"

मी टाचणी शोधत होतो.
ही फाईल आजच्या चाळीसात धरायची नाही,
बाजूला ठेवली.
मग शिडी ओढून वरच्या फळीपाशी लावली.
अजून दहा तिथंच कुठंतरी असतील.